लिहायला घेतलं की उजवा हात आखडतो, बाकी सगळी कामं नीट होतात. डॉक्टर म्हणतात टेन्शन. परीक्षेत वर्णनात्मक पेपर आहे, काय करू?

तुम्ही सांगताय ते बरंचसं रायटर्स क्रॅम्पसारखं वाटतंय. मलाही तेच आहे. निदान डॉक्टरच करतील, पण हाडांच्या नव्हे, न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

मी शाळेत शिकवतो. फळ्यावर माझं अक्षर आजही झकास येतं, कारण तिथे खांद्यातून लिहिलं जातं. पेपर तपासायला लाल पेन घेतला की अंगठा आत दुमडतो, तर्जनी पेनावरून आपोआप उठते आणि कागदाला भोक पडेल इतका जोर लागतो. सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेकसुद्धा परत आलाय.

हा डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू आपोआप आखडण्याच्या आजाराचा, एक प्रकार. बोट वाकवणारा स्नायू आवळला की सरळ करणाऱ्याने सैल पडायचं असतं. इथे मेंदूचा हुकूमच चुकतो आणि दोघे एकदम ओढतात. हात मात्र धडधाकट असतो. म्हणून एमआरआय बहुधा नॉर्मल येतो आणि मग 'टेन्शन घेऊ नका' ऐकावं लागतं. टेन्शनने त्रास वाढतो हे खरं, पण मूळ तिथे नाही. मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर नस दबल्याचा संशय घ्यायचा. तुमचं वय कमी आहे, तेव्हा विल्सन आजारासाठी (यात शरीरात तांबं साठत जातं) तांब्याची तपासणी सांगितली तर टाळू नका. तो वेळेत सापडला तर औषधांनी आटोक्यात राहतो. उलटीवरची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर तेही सांगा, काहींनी स्नायू आखडतात.

मला बोटॉक्सच्या, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनांनी फरक पडला. असर साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. नेमक्या स्नायूत, नेमकं तेवढंच जायला हवं. जास्त झालं तर काही आठवडे बोटांत जोर राहत नाही. त्यामुळे हात बसलेला डॉक्टर शोधा. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात जाड पेन धरून पाहा, फुकटचा उपाय आहे. डाव्या हाताने लिहायला शिकता येतं, पण काहींच्या डाव्या हातातही हे उतरतं.

आता परीक्षा. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल शोधून वाचा. त्यांनाही रायटर्स क्रॅम्पच होता. अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी म्हणून लेखनिक (आपण सांगू ते पेपरात लिहिणारा) नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरवलं आणि २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तुमच्या परीक्षेच्या जाहिरातीत लेखनिकाची अट आणि प्रमाणपत्राचा नमुना काय आहे ते आधी पाहा. प्रमाणपत्र सरकारी दवाखान्यातूनच घ्यावं लागतं आणि तिथे हेलपाटे होतात, तेव्हा फॉर्म सुटायची वाट पाहू नका. जाताना लिहितानाचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ जवळ ठेवा. तपासणीच्या टेबलावर हात कधी कधी शहाण्यासारखा वागतो.