घरी बनवलेली बिअर काचेच्या बाटलीशिवाय ट्रेकला कशी न्यावी?

सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या पेट (PET प्लॅस्टिकच्या) बाटलीत न्या. ती गॅसच्या दाबासाठीच बनवलेली असते आणि कोल्ड्रिंकमध्ये सहसा बिअरपेक्षा जास्तच गॅस असतो. पाण्याची पातळ बाटली, ट्रेकिंगची पाण्याची पिशवी किंवा थर्मास मात्र नको; दाब वाढला की झाकण उडतं, नाहीतर शिवण फाटते. शक्यतो साध्या सोड्याची बाटली घ्या, कारण कोल्ड्रिंकचा वास धुऊनही जात नाही. धुताना उकळतं पाणी वापरू नका, प्लॅस्टिक आक्रसतं.

केगमधून (गॅसच्या दाबाखाली बिअर साठवायच्या, नळ असलेल्या पिंपातून) भरण्याआधी बिअर आणि बाटली दोन्ही ०–२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करा. नळाची ट्यूब तळापर्यंत नेऊन सावकाश भरा, नाहीतर नुसता फेस होतो. मग बाटली दाबून फेस अगदी तोंडाशी आणा आणि दाबलेली असतानाच झाकण घट्ट लावा, म्हणजे आत हवा उरत नाही. बिअर थोडी गरम झाली की बाटली पुन्हा टणक होते. तशीच मऊ राहिली तर झाकण गळतंय. बाटलीतच साखर घालून गॅस करायचा असेल तर लिटरला ६ ग्रॅम पुरे, पण तळाचा यीस्टचा गाळ चालताना ढवळला जातो. म्हणून केगचीच बरी.

एक मर्यादा: पेटमधून ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो, त्यामुळे अशी भरलेली बिअर आठवडाभरात संपवा. सॅकच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळून ठेवा. उन्हात तापली की दाब वाढतो आणि उघडताना अर्धी बाहेर येते.