‘ताई, माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही’

“ताई, मी रावेर तालुक्यातली. बारावी सायन्सला आहे. अमेरिकेतल्या काही कॉलेजांना अर्ज करतेय. मार्कांची काळजी नाही, पण अर्जात ‘अॅक्टिव्हिटीज’ विचारतात आणि तिथेच माझी गाडी अडलीय. आमच्या कॉलेजात ना डिबेट क्लब, ना रोबोटिक्स. खो-खो खेळायचे, तेही दहावीनंतर आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा सोडलं. पुण्याच्या मावसबहिणीने पैसे देऊन रिझ्युमे करून घेतलाय. ती म्हणते, ‘एखादी संस्था काढली असं लिहून टाक, कोण बघायला येतंय?’ रोज रात्री फॉर्म उघडते आणि तसाच बंद करते.”

पोरी, तुझं पत्र चार पानांचं आहे. वर छापलाय तो त्यातला जेमतेम एक तुकडा. उरलेल्या पानांत तू घरच्या गोष्टी सांगत बसलीस आणि शेवटी लिहिलंस, ‘विषय सोडून बोलले, माफ करा.’ विषय तोच होता गं. मी पेन्सिल घेऊन बसले आणि तुझ्याच ओळींखाली खुणा करत गेले.

नववीपासून केळीच्या कटाईला घड मोजायचं आणि मजुरांची हजेरी लिहायचं काम तुझ्याकडे आहे. गेल्या वर्षी व्यापाऱ्याच्या पावतीवर १८ घड कमी निघाले, पप्पांनी तुझी वही पुढे केली आणि त्या घडांचे पैसे मिळाले. हे तू एका ओळीत उरकलंस, त्यातही निम्मी ओळ पप्पांच्या रागावर गेली! मी केळीच्या घरातच वाढले. ट्रक लागलेला असतो, मजूर घाईत असतात, व्यापाऱ्याचा माणूस ‘चला, चला’ करत असतो. त्या गडबडीत प्रत्येक घडाची खूण वहीत पडणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. चार वर्षं बिनचूक हिशोब ठेवणारी मुलगी ‘काहीच केलं नाही’ म्हणते, तेव्हा मला वाईट वाटतं. तिला असं वाटायला लावणाऱ्या आपल्या सगळ्यांचं वाईट वाटतं.

आता फॉर्मचं बोलू. तू भरतेस तो कॉमन अॅप, म्हणजे एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजांना जाणारा ऑनलाइन अर्ज. त्यात जास्तीत जास्त १० कामं लिहिता येतात आणि प्रत्येक कामाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, मधल्या मोकळ्या जागा धरून. नववी ते बारावीतलं सगळं चालतं, म्हणजे तुझा खो-खोही चालतो. दहावीनंतर सोडला म्हणून तो पुसला जात नाही. काम कोणत्या प्रकारचं, याची यादी उघडून नीट बघ. तिच्यात ‘कौटुंबिक जबाबदारी’ हा स्वतंत्र प्रकार आहे. आजीला उठवणं-बसवणं, औषधं देणं, लाइट रात्रीची असली की पप्पांसोबत शेतात जाऊन ठिबकचे कॉक फिरवणं, हे सगळं तिथे बसतं. ज्या मुलांचा शाळेनंतरचा वेळ घराला जातो त्यांच्यासाठीच तो प्रकार आहे, तेव्हा तिथे लिहिताना संकोच करू नकोस.

लिहायचं कसं, ते तुझ्याच वाक्यावरून दाखवते. कच्च्या कागदावर तू लिहिलं आहेस, ‘मी शेतीच्या कामात वडिलांना मदत करते.’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यातली हजारो पोरं लिहू शकतील. तुझं वाक्य असं हवं: ‘प्रत्येक कटाईला घडांची मोजणी, मजुरांची हजेरी; पावतीशी ताळा करून १८ घडांची चूक पकडली, पैसे वसूल.’ ‘मी’ काढून टाक, ‘मदत’ काढून टाक, ‘खूप शिकायला मिळालं’ तर अजिबात नको. काय केलंस, किती केलंस आणि त्यामुळे काय बदललं, एवढंच ठेव. आधी मराठीत नीट जमव, मग इंग्रजी कर. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की माणूस मोठमोठे शब्द शोधत बसतो आणि काम बाजूला राहतं.

आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडेही विचारतात. तिथे अंदाजाने गोल आकडा टाकू नकोस. कॅलेंडर घे, परीक्षेचे दिवस वगळ, कटाईचे आठवडे वेगळे मोज. हिशोबात तू माझ्यापेक्षा पक्की आहेस.

संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली चार पोरं गणिताला येतात, तेही घाल. किती महिने येतात, कोणत्या इयत्तेतली आहेत, पाढ्यांपासून कुठवर आली, हे लिही. पैसे घेत नाहीस म्हणून ते काम हलकं ठरत नाही.

आता ज्याच्यावर माझा जीव अडकलाय ते. आजी अंथरुणाला खिळल्यावर तू तिच्या उशाशी बसून तिच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलमध्ये घेतल्यास, पन्नासच्या वर झाल्यात. लेवा बोलीतले शब्द अडले तिथे आजीला विचारून अर्थ लिहून ठेवलेस. तू याला ‘टाइमपास’ म्हणतेस. अगं, आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बोलत गेल्या, मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतलं, म्हणून आज त्या आपल्याकडे आहेत. उतरवून घेणाऱ्याच्या कामाची किंमत खानदेशाएवढी कुणाला कळणार? हे काम यादीत पहिलं किंवा दुसरं येऊ दे. क्रम तुझ्या हातात असतो आणि जे तुला सगळ्यात जवळचं ते वर ठेवायचं असतं. अर्जाच्या निबंधाचा विषय अजून ठरला नसेल, तर तोही इथेच सापडेल असं मला वाटतं.

मावसबहिणीच्या सल्ल्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते. न काढलेली संस्था लिहू नकोस. अर्जासोबत तुमच्या इथल्या कॉलेजकडून रिपोर्ट जातो, शिक्षकांची शिफारसपत्रं जातात. त्यांत त्या संस्थेचं नावही नसेल, तर वाचणाऱ्याला शंका येणारच. खोटं उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. आणि समजा कुणाला कळलंच नाही, तरी तुझ्या वहीची आणि आजीच्या ओव्यांची जागा एका बनावट नावाने खाल्लेली असेल. मला ते जास्त लागेल.

या शिफारशींचं काम आधी हाती घे. तिकडच्या बऱ्याच कॉलेजांची नेहमीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि आपल्याकडच्या शिक्षकांना हा प्रकार नवा असतो. तुमच्याकडे तो रिपोर्ट भरणारा काउन्सेलर नाही म्हणतेस, तर ते काम प्राचार्य किंवा वर्गशिक्षक करू शकतात. तू करतेस त्या कामांचा एक कागद त्यांच्या हातात दे. घड मोजणं, आजीचं करणं, यातलं त्यांना काहीच माहीत नसेल. तू वर्गात कधी सांगितलंच नसशील.

घरी कुणी म्हणेल, सीईटीला याचा काय उपयोग? खरंच काही नाही, तिथे मार्कच बघतात. त्यामुळे अभ्यासाचा वेळ यात घालवू नकोस. दोन रविवार पुरेत. दहाही रकाने भरायचा हट्टही नको. तुझे पाच-सहा होतात, तेवढे नीट लिही. आजीमुळे खेळ सुटला, ही गोष्ट ‘अधिक माहिती’च्या जागेत दोन साध्या ओळींत सांग. रडगाणं नको आणि लपवणंही नको.

आणि एक. ओव्या निबंधात वापरणार असशील, तर आजीला आधी विचार. कोणती ओवी सांगितलेली तिला चालेल, ते तिलाच ठरवू दे. ती सगळी रेकॉर्डिंग एकाच मोबाइलमध्ये आहेत म्हणालीस ना? आज रात्री फॉर्म उघडायच्या आधी ती दुसरीकडे कुठेतरी उतरवून ठेव.