खार-सशाच्या शिकारीसाठी जुन्या पद्धतीची लिव्हर-अ‍ॅक्शन टू-टू रायफल कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियात राहता, ग्रीन कार्ड झालंय, शिकारीचा कोर्स आणि लायसन्सही झालं, आता खालची कडी पुढे-मागे मारून काडतूस चढवायची (लिव्हर-अ‍ॅक्शन) .२२ इंची (टू-टू) रायफल हवी आहे. दुकानात हेन्रीची सोनेरी ‘गोल्डन बॉय’ बघून जीव तिच्यात अडकलाय, पण ऑफिसातला एकजण म्हणतो की जुनी मार्लिनच शोध. मी याच राज्यात बारा वर्षं खारींच्या मागे रान तुडवतोय, म्हणून आधी निकाल सांगून टाकतो: हेन्री घ्यायची तर साधी काळी एच००१ घ्या. गोल्डन बॉय रानासाठी नको.

कारण वजन. गोल्डन बॉय पावणेसात पौंडांची, एच००१ सव्वापाच. आकडा किरकोळ वाटतो, पण ती वीस इंची अष्टकोनी नळी सगळा भार पुढे ओढते. खारीची शिकार म्हणजे हिकरीच्या झाडाखाली पाऊण तास बूड टेकून बसायचं आणि ती फांदीवर थांबली की मान न हलवता बंदूक खांद्याला आणायची. तेवढ्यात डावा हात थरथरला की संपलं. शिवाय तिचं ‘पितळ’ म्हणजे पितळी मुलाम्याचं कवच आहे. भिंतीवर छान दिसतं. दुर्बीण लावायची तर एच००१च्या रिसीव्हरवर, म्हणजे यंत्रणेच्या मधल्या पेटीवर, खाचा तयार असतात, गोल्डन बॉयला वेगळा माउंट शोधावा लागतो. तुमची चाळिशी उलटली असेल तर हा मुद्दा सगळ्यात मोठा. पहाटे ओकच्या करड्या सालीवर करडी खार असते, त्यात उघड्या माशीवर (नळीच्या टोकाच्या नेमखुणेवर) माझा नेम आता बसत नाही. साधी चार पटीची दुर्बीण पुरते.

जाता जाता एक गंमत. लिव्हर-अ‍ॅक्शनमधली गाजलेली १८६०ची हेन्री मुळात टू-टूसारखी रिमफायरच होती, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर मारणारी, .४४ची. आजची हेन्री कंपनी १९९६ची, त्या हेन्रीशी नातं फक्त नावाचं.

आता नळीखालचं मॅगझिन. पुढून आतली पितळी नळी थोडी वर ओढायची, बाजूच्या काडतुसाच्या आकाराच्या भोकातून एकेक काडतूस सोडायचं, पंधरा मावतात. घरात बसून मजा येते. पहिल्या वर्षी थंडीत बोटं आखडलेली, समोर खार, मी घाईत ती नळी पुरती उपसली आणि ती पाचोळ्यात पडली. आत माती गेली. पुढचा तासभर मी गवताच्या काडीने ती साफ करत बसलो आणि खार वरून मला शिव्या देत होती. तेव्हापासून रानात शिरण्याआधीच भरतो, आणि भरताना तोंडापुढे हात जाणार नाही असा धरतो. दुसरी चूक सगळेच करतात: लिव्हर अर्धवट मारायची. पुढे गेली ती शेवटपर्यंत जाऊ द्या, मागे आली ती दस्त्याला टेकू द्या. हळुवारपणा केलात की काडतूस तिरकं अडकतं.

एनसीसीच्या कॅम्पात बोल्टच्या टू-टूने पाच गोळ्यांचं ग्रुपिंग केलं असेल तर तोच धडा इथे गिरवायचा. रिमफायरला प्रत्येक काडतूस मानवतंच असं नाही. चार-पाच प्रकारच्या गोळ्यांची पाकिटं आणा, आधी २५ यार्डांवर, मग ५० वर पाच-पाच गोळ्या टाका आणि जिचा घोळका लहान तीच वर्षभर वापरा. माझ्या रायफलीला ४० ग्रेन वजनाची, सेकंदाला १,०७० फुटांची मवाळ गोळी आवडते. ती आवाजाच्या वेगाखाली राहते, त्यामुळे शेजारच्या झाडावरची खार पळत नाही. ५० यार्डांवर नेम जुळवलेली वेगवान गोळीसुद्धा शंभरावर पाच-सहा इंच खाली येते, म्हणून पन्नासपुढे मी चाप ओढत नाही. डोकं जेमतेम दीड इंचाचं असतं. जास्त ताकदीच्या .१७ एचएमआर किंवा मॅग्नम काडतुसांच्या मोहात पडू नका. खारीचं मांस उरत नाही.

आणि हे पाकिटावर छापलेलं असतं ते वाचा: ही इवलीशी गोळी दीड मैलापर्यंत जाते. फांदीच्या टोकाला, मागे आभाळ, अशी खार कितीही सुंदर बसली तरी सोडायची. ती बुंध्याला चिकटली की मारायची, म्हणजे गोळी लाकडात राहते. तीच काळजी घोड्याची, म्हणजे पिनेवर आदळणाऱ्या मागच्या हातोडीची. एच००१ला सेफ्टीचा वेगळा खटका नाही, चेंबरमध्ये काडतूस असताना घोडा अंगठ्याने सावकाश उतरवावा लागतो. हे आधी रिकाम्या बंदुकीवर, हातमोजे घालून शिका. नुसता चाप ओढत बसू नका, रिमफायरची पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आदळते आणि कड खराब होते.

घरच्यांचं म्हणाल तर आमच्या हिने पहिल्या दिवशीच विचारलं, रामाने पाठीवरून बोटं फिरवली ती खार मारता? म्हटलं, हिच्या पाठीवर पट्टे नाहीत, बघ. पटलं नाही, पण कांदा-लसूण मसाल्यातला रस्सा चाखून ‘बरा आहे’ म्हणाली. इथे दिवसाला सहा खारींची मर्यादा आहे, चौघांना तीन पुरतात. ससा साफ करताना मात्र रबरी हातमोजे घाला, टुलारेमिया हा जिवाणूंचा आजार त्याच्यातून माणसाला होतो.

वाचणाऱ्यांत एच-१बीवाले असतील त्यांच्यासाठी: तात्पुरत्या व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगणंही फेडरल गुन्हा आहे. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी लायसन्स, मग वकिलाला एक फोन, मग दुकान. आणि इथली सवय गावी न्यायची नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली आता माळावरचा ससाही आपल्याकडे हात लावायचा नाही.

बाकीच्या दोन. ब्राउनिंग बीएल-२२ जपानात बनते, लिव्हर फक्त ३३ अंश फिरते आणि चाप लिव्हरबरोबर खाली जातो, त्यामुळे बोट चिमटत नाही. लहान हातांना छान. विंचेस्टर ९४२२ सुरेख होती, पण २००५ला बंद झाली, आता संग्राहकांच्या हातात आहे.

राहिली तुमच्या मित्राची मार्लिन ३९ए. तो चुकीचं सांगत नाहीये. १८९१च्या मॉडेलपासून चालत आलेली बनावट, पोलादी रिसीव्हर. माझ्या हाताला तीच बसली, वजन साडेसहा पौंड असूनही, कारण तिचा तोल मध्ये आहे. पण चांगली जुनी मिळायला नव्या हेन्रीच्या दुपटीच्या आसपास मोजावे लागतात, आणि डोळे झाकून घेण्यासारखी ती नाही. बाजूचा मोठा स्क्रू नाण्याने फिरवला की तिचे दोन भाग होतात. आधी जोडलेली असताना दोन्ही हातांनी पिळून बघा, सांधा खिळखिळा नको. मग उघडा, मागून नळीत उजेड टाका आणि तोंडाशी आतल्या पिळाच्या खोबण्या झिजल्यात का ते बघा. अनेकांनी वर्षानुवर्षं पुढून साफ करायचा गज घालून ती बिघडवलेली असते, खरं तर मागून साफ करता येणं हीच तिची मोठी सोय. लिव्हर मारून रिकामं टरफल झटक्यात बाहेर उडतं का तेही बघा, इजेक्टर हा तिचा नाजूक भाग. दुकानदार उघडून दाखवायला नाही म्हणाला, तर साधी हेन्री उचला आणि उरलेल्या पैशांची काडतुसं घ्या.