निळे-पांढरे तारे सगळे सारखेच दिसतात, मग त्यांचे ओ आणि बी वर्ग कशावरून ठरवतात?

तुम्ही विचारलंय की मृगातला राजन्य आणि त्रिकांड बाणाचे तिन्ही तारे दुर्बिणीतूनही एकाच पांढऱ्या-निळ्या रंगाचे दिसतात, तरी यादीत एकापुढे बी८ आणि दुसऱ्यापुढे ओ९.५ लिहिलेलं असतं. तापमान रंगावरून कळतं म्हणतात, मग हे कशावरून कळलं?

रंगावरून नाही, हेलियमवरून. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी देवगड तालुक्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर ओ, ए, बी लिहून हात दुखतो, त्यामुळे ताऱ्यांचे ओ, बी, ए वर्ग पहिल्यांदा वाचले तेव्हा हसूच आलं. (रक्तगटाशी काही संबंध नाही.) मोहोराच्या दिवसांत रात्री बागेवर जावं लागतं, तेव्हा सड्यावर दुर्बीण लावते. सासऱ्यांचा प्रश्न ठरलेला, "काय गो बघतंस एवढा त्या काळोखात?"

आधी रंग का फसवतो ते बघू. साधारण १२ हजार केल्विन तापमानाचा राजन्य घ्या आणि ३० हजारांचा एखादा ओ तारा घ्या. पहिल्याचा प्रकाश सर्वांत प्रखर असतो तो २४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, दुसऱ्याचा ९७ च्या आसपास. दोन्ही शिखरं अतिनीलमध्ये, आपल्या डोळ्यांच्या पलीकडे. आपल्याला दिसते ती दोन्ही डोंगरांची नुसती पायथ्याकडची उतरण, आणि ती जवळपास एकसारखीच असते. सूर्यासारख्या किंवा काक्षीसारख्या थंड ताऱ्यांत रंग बरंच काही सांगतो, पण तापमान १०–१५ हजारांच्या वर गेलं की त्याची जीभ जड होते.

त्यात वाटेतली धूळ. भुजंगधारीतला झीटा हा ओ९.५ वर्गाचा तारा, तापमान ३० हजारांच्या वर. पण मधल्या धुळीनं त्याचा निळा प्रकाश इतका खाल्लाय की मोजलेला रंग जवळजवळ अभिजितएवढाच भरतो, आणि अभिजितचं तापमान आहे साडेनऊ हजारांच्या आसपास. नुसत्या रंगावर गेलात तर या ताऱ्याला सरळ ए वर्गात टाकाल. हापूसचंही तेच. तोडणीला आलेलं फळ सालीच्या रंगावरून नाही ओळखत, देठाजवळचे खांदे भरलेत का ते बघतात.

आता हेलियम. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनं इथूनच हेलियम शोधला असं सांगतात. खग्रासचा पट्टा आमच्याकडून गेला हे खरं, पण लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हता. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेननं आणि मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेच्या पॉगसननं ते ग्रहण पाहिलं. लॉकियरनं २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सौरज्वालांचा वर्णपट (प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा) घेतला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांजवळ होती, पण सोडियमची नव्हती, ती हेलियमची निघाली. भारतात तो आला १८७१ च्या ग्रहणाला. हे गावात सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात, म्हणून हल्ली मी सांगत नाही. ऑगस्टात आमच्याकडे सूर्य दिसणं हीच मुळात बातमी असते.

पण त्या गोष्टीतच तुमच्या प्रश्नाची किल्ली आहे. सूर्यात वजनानं साधारण पाव भाग हेलियम, तरी सूर्यबिंबाच्या दृश्य वर्णपटात त्याची शोषणरेषा (वायूनं तेवढा रंग गिळल्यानं पडणारी काळी खाच) दिसत नाही, ज्वालांकडे बघावं लागलं. कारण या रेषा उमटायला हेलियमचा इलेक्ट्रॉन आधी ऊर्जेत सुमारे २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर चढलेला लागतो, आणि साडेपाच-सहा हजार केल्विनला तेवढी ऊब नाही. तापमान १० हजारांच्या वर गेलं की या रेषा डोकं वर काढतात, बी२ च्या सुमारास सर्वांत ठळक होतात. त्याहून तापलं की अणूचा एक इलेक्ट्रॉनच निघून जातो (त्याला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात) आणि उरलेल्या आयनित हेलियमच्या रेषा वेगळ्याच ठिकाणी दिसायला लागतात. आयनित हेलियम ठळकपणे दिसू लागला की तारा ओ वर्गात. किती तापमानाला किती अणू आयनित होतील याचं समीकरण मेघनाद साहांनी १९२० मध्ये दिलं. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा (तापलेल्याकडून थंडाकडे जाणारा) क्रम अ‍ॅनी जंप कॅननबाईंनी हार्वर्डला १९०१ मध्येच लावला होता, तोही नुसते वर्णपट डोळ्यांखालून घालून. मायक्रोस्कोपवर आयुष्य काढलेल्या माणसाला या बाईंविषयी काय वाटतं ते मला विचारा.

वर्गाच्या पुढचा आकडा कसा येतो? शेजारी-शेजारी असलेल्या दोन रेषांची तुलना करून. साध्या हेलियमची ४४७.१ नॅनोमीटरची रेषा आणि आयनित हेलियमची ४५४.२ ची. दोन्ही सारख्या गडद असल्या की ओ७. आयनित वरचढ असेल तर तारा त्याहून तापलेला, ओ६, ओ५, ओ४. साधी वरचढ असेल तर ओ८, ओ९. शेजारच्या रेषाच का, तर धुळीनं प्रकाश लाल झाला तरी त्या दोघींवर जवळपास सारखाच परिणाम होतो. गुणोत्तर हलत नाही.

त्रिकांड बाणात तर गंमत आहे. कडेचे दोन तारे ओ९.५ च्या आसपासचे आणि मधला बी०. हा फरक ओळखायला सिलिकॉन लागतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या सिलिकॉनची ४५५.३ ची रेषा त्या ४५४.२ च्या अगदी कुशीत बसते. हेलियमची रेषा ठळक असेल तर अजून ओ, सिलिकॉनची ठळक झाली की बी०. पुढे बी वर्गात खाली येताना सिलिकॉन एकेक इलेक्ट्रॉन परत मिळवत जातो, आणि कुठल्या अवस्थेच्या रेषा जोरात आहेत त्यावरून आकडा ठरतो. राजन्यापर्यंत पोचेतो हेलियम इतका क्षीण होतो की त्याची ४४७.१ आणि मॅग्नेशियमची ४४८.१ साधारण बरोबरीला येतात. म्हणून बी८.

हे सगळं प्रमाण ताऱ्यांशी ताडून करतात, १९४३ च्या मॉर्गन-कीनन-केलमन यांच्या वर्णपटांच्या नकाशापासून. लॅबमध्ये आम्ही कंट्रोल (आधीच निकाल माहीत असलेला नमुना) लावतो तसंच. १० लॅसर्टी हा तारा म्हणजे ओ९ चा कंट्रोल. ज्येष्ठेच्या दोन बाजूंच्या ताऱ्यांपैकी टाऊ हा बी० चा, पुढे तो बारीक तपासणीत बी०.२ झाला.

यादीत आकड्यामागे रोमन अंकही असतो, तो तेजस्वितेचा. राजन्य बी८ आणि मघाही बी८. पण मघा सुमारे ८० प्रकाशवर्षांवर, राजन्य साडेआठशेच्या आसपास, तरी राजन्यच उजळ दिसतो. राजन्य महाराक्षसी, म्हणजे प्रचंड फुगलेला तारा, त्याचं वातावरण विरळ, म्हणून त्याच्या हायड्रोजनच्या रेषा बारीक. मघेचं वातावरण दाट, अणू एकमेकांना रेटतात, रेषा फुगतात. शिवाय मघा स्वतःभोवती प्रचंड वेगानं फिरते, त्यानंही रेषा फासटतात. या दोन कारणांची गल्लत होऊ नये म्हणून एकाच रेषेवर निकाल देत नाहीत.

त्या ४५४.२ च्या रेषेचा किस्सा सांगायलाच हवा. १८९६ मध्ये हार्वर्डच्या पिकरिंगला झीटा पपीस या ताऱ्याच्या वर्णपटात अनोळखी रेषांची एक माळ दिसली. ती हायड्रोजनच्या माळेच्या अधेमधे इतकी नेमकी बसत होती की हा हायड्रोजनचाच कुठलातरी प्रकार असं त्याला वाटलं. १९१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरनं दाखवलं की हा आयनित हेलियम, एकच इलेक्ट्रॉन उरल्यामुळे हायड्रोजनची नक्कल करणारा. आमची ४५४.२ त्याच माळेतली. हा झीटा पपीस ४० हजार केल्विनच्या आसपासचा ओ४ आहे आणि कोकणातून दक्षिणेला झकास दिसतो, अगस्त्याच्या वरच्या अंगाला.

आता माझी फजिती. दुर्बिणीला मिलिमीटरला १०० रेषांची ग्रेटिंग (बारीक रेषा आखलेली, प्रकाश फाकवणारी काच) लावून मी पहिल्याच रात्री राजन्य टिपला आणि ४४७ ला खाच दिसली म्हणून हेलियम मिळाला असं घरभर सांगत सुटले. दोन महिन्यांनी लक्षात आलं की या ग्रेटिंगला चार-पाच नॅनोमीटरच्या आतलं काही सुटं करता येत नाही. हेलियम आणि मॅग्नेशियममध्ये एका नॅनोमीटरचं अंतर! ती खाच दोघांची मिळून होती. वर सांगितलेली बारीक तपासणी करायची तर फट असलेला खरा वर्णपटमापक लागतो.

तेव्हा सुरुवात राजन्यानं करू नका. व्याधानं करा, तो ए वर्गाचा, हायड्रोजनच्या रेषा पहिल्या रात्रीच दिसतील. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री नऊच्या सुमारास गॅमा व्हेलोरम शोधा. हा वुल्फ-रायेट तारा, सोबतीला एक ओ तारा. त्याचा बाहेरचा थर वाऱ्यासारखा उधळलेला, म्हणून काळ्या खाचांऐवजी कार्बनचे उजळ पट्टे, ४६५ आणि ५७०–५८० जवळ. इतके बटबटीत की साध्या ग्रेटिंगलाही चुकत नाहीत. आमच्याकडून तो दक्षिणेला सव्वीसेक अंशांवर चढतो. फक्त समुद्रावर एलईडी लावून मासेमारी चालू असेल त्या रात्री पश्चिमेकडे काही टिपायला जाऊ नका, आणि घरी आल्यावर ग्रेटिंग पुसून तांदळाच्या डब्यात ठेवा. खाऱ्या हवेत बुरशी धरायला आठवडाही लागत नाही.