ठिणगी धरणारी बुरशी

वारुळावरची अळमी (खायची आळंबी) ताटासाठी. ठिणगीसाठी मेलेल्या लाकडावरची काळी, गोल, कोळशासारखी डाल्डिनिया ही बुरशी शोध. फोडल्यावर आत वर्तुळं दिसली आणि हाताला हलकी लागली तरच घे. फोमेस या ठिणगीच्या दुसऱ्या बुरशीसारखी उकळून-कुटून मऊ करावी लागत नाही (ती थंड प्रदेशातली, इथे शोधत बसू नकोस). आपल्या गोव्याच्या दमट हवेत सुकवणं हेच खरं काम. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोळा कर, चुलीवर टांग, मग घट्ट डब्यात भर. चकमकीची ठिणगी आतल्या भागावर पाड, हळू फुंक. ज्वाळा येणार नाही, निखारा पसरत जाईल. तो सोडणाच्या (नारळाच्या सालीच्या) काथ्यात गुंडाळून फुंकलास की जाळ धरतो. उरलेला तुकडा पाण्यात बुडवच, तो आतून धुमसत राहतो. म्हादई, मोले अभयारण्यातून मात्र काहीच उचलू नकोस. कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) पडलेली फांदी पुरते.