तासगावची आई, कोरेगावची मुले

प्रश्न : नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आठ महिन्यांपूर्वी तासगावला माहेरी आले. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. दोघे कोरेगाव तालुक्यात नवऱ्याजवळच राहिले. निघताना पंचांपुढे 'मुलांवर हक्क सांगणार नाही' असे स्टॅम्पपेपरवर लिहून दिले. नवरा रोज पितो, मागच्या महिन्यात मुलाच्या हाताला चटका दिला. पालक-पाल्य कायद्याखाली सांगलीच्या कोर्टात ताब्याचा अर्ज केला आहे, पण सहा महिने तारखाच पडताहेत. आता नवरा म्हणतो, ते कोर्टच चालत नाही.

ताई, ऐकायला वाईट वाटेल, पण या एका मुद्द्यावर तुमचा नवरा बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. 1890 च्या पालक-पाल्य कायद्याच्या कलम 9 प्रमाणे ताब्याचा अर्ज मूल जिथे सर्वसाधारणपणे राहते तिथल्या न्यायालयात करायचा असतो. आई कुठे राहते, याला तिथे किंमत नाही. मुले सातारा जिल्ह्यात आहेत, शाळा आणि अंगणवाडी तिथलीच. हक्काच्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याआधीच कोर्ट कुठले यावर वर्ष जाईल.

तुम्हाला हवे ते कलम दुसऱ्याच कायद्यात आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याचे कलम 27 पाहा. पीडित स्त्री कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते, तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. म्हणजे तासगावातच. कलम 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. मात्र नुसता ताबा मागणारा अर्ज टिकत नाही. आधी संरक्षण आदेशाचा, म्हणजे नवऱ्याला हिंसेपासून रोखणाऱ्या आदेशाचा, किंवा अन्य सवलतीचा अर्ज हवा आणि त्याच्या पोटात ताब्याची मागणी. ही गफलत मी दर महिन्याला बघतो. सोबत शपथपत्र जोडून कलम 23 प्रमाणे अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश मागा, गरज पडली तर एकतर्फी, म्हणजे नवऱ्याचे म्हणणे ऐकण्याआधीच. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असे कायदा म्हणतो. साठ दिवसांत निकाल लागलेला मी क्वचितच पाहिला आहे, म्हणून सारा जोर अंतरिम अर्जावर ठेवा. सांगलीचा अर्ज प्रलंबित आहे, हे यात लपवू नका. तो मागे घ्यायचा की योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत मागायचा, हे कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

चटक्याचे मात्र कोर्टाच्या तारखेवर सोडू नका. 1098 या मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि सातारा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे लेखी अर्ज द्या. इथेही मुले जिथे आहेत तोच जिल्हा, सांगलीच्या समितीकडे जाऊन वेळ घालवू नका. पोलिसांनी किंवा हेल्पलाइनच्या लोकांनी मुलांना घरातून हलवले, तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे हजर करावे लागते. समिती मुलांना काही काळ बालगृहातही ठेवू शकते. ते नको असेल तर 'मुले माझ्याकडे द्या, घरी आजी आहे, शाळेची सोय आहे' हे अर्जातच लिहा.

स्टॅम्पपेपरचे म्हणाल तर त्याने फारसे बिघडत नाही. कोर्ट मुलांचे हित पाहते, पंचांचा कागद नाही. पण सही करताना एक फोन करायला काय झाले होते?

भावांना घेऊन मुले उचलून आणायचा विचार असेल तर तो सोडा, मारामारीचा गुन्हा तुमच्याच माणसांवर दाखल होईल.

चटक्याचा फोटो नाही, दवाखान्याचा केस पेपर शेजारणीकडे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तो आजच मागवा. शाळेच्या बाईंनी हात पाहिला असेल तर त्यांच्याशी बोला आणि हजेरीपटावरच्या त्या आठवड्याच्या गैरहजेरीची नक्कल मिळते का ते विचारा. मग वकिलाकडे जा.