‘गेम-वॉर्न’ जर्सी: वापरलेली, घातलेली की अंगावरची?

अमळनेरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी तो बास्केटबॉलच्या विक्रमवीरांच्या जर्सी जमवणाऱ्या लोकांवर लेख लिहितोय आणि ‘गेम-वॉर्न’ या शब्दाशी अडलाय. त्याने ‘वापरलेली जर्सी’ लिहिलं, तर आजी म्हणाली, जुन्या कपड्याला एवढे पैसे कोण देतं? मित्राने ‘क्रीडापरिधानित’ सुचवलं. दोन्हींपैकी कोणता घ्यावा?

एकही नको. ‘क्रीडापरिधानित’ कोणी तोंडाने उच्चारणार नाही, तो विषय तिथेच संपला. ‘वापरलेली’ची अडचण आजीने बरोबर पकडली आहे. वापरलेली गाडी, वापरलेला फ्रिज म्हटलं की मराठी माणूस मनात लगेच भाव पाडतो. इथे तर घातल्यामुळेच भाव चढतो. शिवाय आपल्याकडच्या खेड्यांत ‘जर्सी’ म्हणजे आधी गाय. (दोन्ही नावं इंग्लिश खाडीतल्या त्याच जर्सी बेटावरून आली. तिथलं लोकरी विणकाम प्रसिद्ध आणि गाईही.) ‘जुनी जर्सी विकणे आहे’ असं लिहिलंत तर गिऱ्हाईक किती दूध देते म्हणून विचारेल.

साधा आणि नेमका शब्दप्रयोग म्हणजे ‘सामन्यात घातलेली जर्सी’. यातला ‘सामन्यात’ गाळू नका, कारण या छंदात सगळा पैसा त्या एका शब्दाचा आहे. खेळाडूच्या मापाने, त्याच्यासाठीच शिवलेली, पण मैदानावर न गेलेली जर्सीही बाजारात येते. तिला ‘गेम-इश्यूड’ म्हणतात. तिच्यासाठी आपल्या घरातला शब्द तयार आहे: ‘घडी न मोडलेली’. नवी साडी पहिल्यांदा नेसली की बायका ‘घडी मोडली’ म्हणतात, तीच ही घडी. दुकानात ‘ऑथेंटिक’ म्हणून मिळते ती तिसरी. तिचं ‘अस्सल’ असं भाषांतर केलंत तर वाचक फसेल, कारण ती कंपनीची अस्सल असली तरी खेळाडूच्या अंगाला तिचा स्पर्शही झालेला नसतो.

घातलेली कशावरून, हे ठरवायला जर्सी त्या सामन्याच्या फोटोंशी ताडून पाहतात. कापड जाळीचं असतं. पाठीवरच्या आकड्याचा कोपरा जाळीच्या कोणत्या भोकावर आलाय, शिवणीतला कुठला दोरा सुटलाय, हे फोटोत आणि हातातल्या कापडावर एकच निघावं लागतं. ‘फोटो-मॅच’ला ‘फोटोशी ताडलेली’ म्हणा, ‘छायाचित्रसंलग्न’ वगैरे नको.

लेखात भारदस्त काही हवं असेल तर ‘अंगावरची’ वापरा: ‘कोबे ब्रायंटच्या अंगावरची जर्सी’. देवीच्या अंगावरची साडी प्रसाद म्हणून मिळाली की आपल्याकडे ती कपाळाला लावून ठेवतात, तिला जुनी कोणी म्हणत नाही. मराठेशाहीच्या कागदांत येणारा ‘खिलत’ही याच जातीचा. तो मूळ अरबी. त्याच्या धातूचा अर्थ अंगावरून उतरवणे. राजाने स्वतःच्या अंगावरचं उतरवून दिलेलं ते वस्त्र. पुढे नवं कोरं दिलं तरी नाव तेच राहिलं.

आता अहिराणीची गंमत. ‘हाई मॅचमा घालेल जर्सी शे’ हे धुळे-जळगावकडे कोणालाही कळेल. ‘घालेल’ म्हणजे घातलेली. पण हेच वाक्य पुण्याचा वाचक वाचेल तेव्हा त्याला ‘घालेल’ हा भविष्यकाळ वाटेल, म्हणजे अजून घालायची आहे! घातलेली जर्सी एका अक्षराचाही बदल न होता घडी न मोडलेली होऊन बसते, आणि भावातला फरक तर प्रचंड. अंक जिल्ह्यातच वाटणार असाल तर बिनधास्त ‘घालेल’ लिहा, मला तो ‘घातलेली’पेक्षा चटपटीत वाटतो. बाहेर जाणार असेल तर प्रमाण रूप ठेवा.

पत्रासोबत पाठवलेल्या कच्च्या मजकुरात ‘जॉर्डनची विक्रमी जर्सी’ असं आहे, तेही दुरुस्त करा. मायकेल जॉर्डनची जी जर्सी सप्टेंबर 2022 मध्ये सोदबीजच्या लिलावात 1 कोटी 1 लाख डॉलरला गेली, ती 1998 च्या एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीतल्या पहिल्या सामन्यातली, आणि तो सामना त्याचा संघ शिकागो बुल्स जादा वेळेत युटाकडून 85-88 असा हरले होते. विक्रम झाला तो किमतीचा. ‘विक्रमी किमतीची जर्सी’ लिहा. ‘विक्रमाच्या सामन्यातली जर्सी’ हे वर्णन वेगळ्या ठिकाणी लागू पडेल: विल्ट चेंबरलेनने 2 मार्च 1962 ला एकट्याने 100 गुण केले तो सामना, किंवा लेब्रॉन जेम्सने 7 फेब्रुवारी 2023 ला करीम अब्दुल-जब्बारचे कारकिर्दीतले 38,387 गुण ओलांडले तो. नुसतं ‘विक्रमी’ ठेवलंत तर यातलं काय ते वाचकाला कळणार नाही.